समुद्र तापला म्हणून हिरवा होत नाही

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला आणि संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या नातेवाइकांकडून फिरून पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: पृथ्वीवरचा ७० टक्के ऑक्सिजन झाडं नव्हे, समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ देतं. शेवाळ गरम पाण्यात जोमाने वाढतं, म्हणजे समुद्र तापतोय ही खूशखबर. निळाशार समुद्र निरोगी. आपली ठाण्याची खाडी काळीकुट्ट, म्हणजे मेलेली, तिच्यात भराव घातला तर बिघडलं कुठे? खाली ओहोटीच्या वेळी काढलेला खाडीतल्या चिखलाचा फोटो.

पहिलं वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणूनच पुढची सगळी पटकन गळी उतरतात.

ऑक्सिजनचं आधी उरकतो. जगातल्या प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं काम समुद्रातले वनस्पती-प्लवक, म्हणजे मेसेजमधलं पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, करतात. पण त्यांनी तयार केलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातलेच जीवजंतू आणि कुजणारा पालापाचोळा वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो हवेतला २१ टक्के साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. समुद्र तो रोज भरून देत नाही. प्लवकांचं मोल दुसरीकडे आहे: बांगड्यापासून देवमाशापर्यंत सगळ्यांचं पोट शेवटी त्यांच्यावर चालतं.

आता मुख्य मुद्दा, गरम पाण्याचा. मेसेज टाकणाऱ्या काकांनी पुरावाही दिला होता: ‘अहो, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं की आठवड्यात पाणी हिरवं!’ निरीक्षण अगदी बरोबर. फक्त टाकी उथळ असते. ऊन आणि शेवाळाचं खाद्य तिथे एकाच जागी मिळतं. समुद्रात तसं नाही. ऊन वरून येतं आणि अगदी नितळ पाण्यातही शंभर-दोनशे मीटरच्या खाली त्याचा उपयोग संपतो. नायट्रेट, फॉस्फेट हे खत मात्र मेलेल्या जिवांबरोबर खाली बुडतं आणि अंधारात साठत जातं. ही दोन एकत्र यायची तर खालचं गार पाणी वर यायला हवं.

आंघोळीच्या बादलीत गार पाण्यावर कढत पाणी अलगद ओतून बघा. वर चटका, खाली गारच. हात घालून ढवळल्याशिवाय एक होत नाही. समुद्राचा वरचा थर तापतो तेव्हा असंच होतं: हलकं पाणी झाकणासारखं वर बसतं आणि खालचं खत खालीच अडकतं.

ढवळणारा हात वाऱ्याचा. पावसाळ्यात नैऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतात, त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं आणि प्लवकांचा बहर येतो. केरळच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात असं पाणी वर येतं. तिथल्या तारलीचा त्याच्याशी जवळचा संबंध. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर ईशान्येचे कोरडे, गार वारे वाहतात. वरचं पाणी गार आणि बाष्पीभवनाने जास्त खारट होतं, जड होऊन बुडतं आणि खालचं वर येतं. म्हणजे आपल्याच समुद्रातले मोठे बहर पाणी गार होण्याशी जोडलेले आहेत.

उलटं उदाहरण नाही असं नाही. ट्रायकोडेस्मियम नावाचं निळं-हिरवं शेवाळ उन्हाळ्यातल्या गरम, शांत पाण्यात फोफावतं आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत भुशासारखे तवंग दिसतात. त्याला हवेतला नायट्रोजन वापरता येतो, खालच्या नायट्रेटवाचून त्याचं अडत नाही. बहुतेकांना ही सोय नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की झपाट्याने तापलेल्या पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. ‘खूशखबर’ म्हणून फिरतंय ते हेच तापणं.

निळाशार म्हणजे निरोगी, हे तर पर्यटनाच्या जाहिरातीतलं वाक्य. पाणी गडद निळं दिसतं कारण त्यात हिरवं फारसं काही नसतं. महासागरांच्या मधले ते निळे पट्टे म्हणजे समुद्रातली माळरानं. ओसाड मात्र नाहीत. १९८० च्या दशकात समुद्रसंशोधक सॅली चिशोम, रॉब ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी जहाजावर नेलेल्या, लेझरच्या उजेडात एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रात तिथल्या पाण्यात एक जीव सापडला: प्रोक्लोरोकोकस. केसाच्या जाडीत शंभरेक सहज मावतील इतका बारीक, आणि संख्येने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सगळ्या जीवांत पहिला. देहाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे पाण्यात नावापुरतं असलेलं खतही त्याला टिपता येतं. डायटम या कवचवाल्या एकपेशी शेवाळासारखी मोठी मंडळी अशा ठिकाणी उपाशी मरतात. त्यांना ढवळलेलं पाणी लागतं, शिवाय कवचासाठी सिलिका. प्रोक्लोरोकोकसला गार पाणी सोसत नाही, तो साधारण ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण या पट्ट्यातच राहतो. पण उबेचीही मर्यादा आहे: सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर त्याची वाढ मंदावते, असं अलीकडच्या मोजणीत दिसलंय.

राहिली आपली खाडी. इथलं गणित निळ्या समुद्राच्या बरोबर उलटं. खत भरपूर, त्यात शहरांच्या सांडपाण्याची भर, आणि ते काही कौतुकाचं नाही. टंचाई आहे ती उजेडाची. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गाळ उठवते. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. म्हणून बरंचसं काम पाण्याऐवजी चिखलावर चालतं. ओहोटीला पाणी सरलं की चिखलाच्या पृष्ठभागावरच्या डायटमना थेट ऊन मिळतं आणि त्यावर तपकिरी-सोनेरी पापुद्रा धरतो. लेसर फ्लेमिंगो, म्हणजे लहान जातीचे रोहित पक्षी, चोच उलटी करून गाळून खातात ते असले डायटम आणि निळं-हिरवं शेवाळ. त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

काकांनी पाठवलेला ‘मेलेल्या खाडीचा’ फोटो मी मोठा करून पाहिला. चिखलावर तो सोनेरी पापुद्रा आहे, आणि उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला, गुलाबी ठिपक्यांची एक लांबच लांब रांग.