एकदम कोरडा माल, मालक!

हायवेवर ‘चुलीवरचं मटण’ असा फलक लागला, चुली लिंपून झाल्या, पाटा-वरवंटा गिऱ्हाइकांना दिसेल असा मांडला. आता राहिलं लाकूड. ती किरकोळ बाब. दहा टनांची एक गाडी ओंडके उतरवून घेतले की बरेच दिवस बघायला नको. त्यासाठी विश्वासू लाकूडवाला हवा आणि तो ओळखणं सोपं आहे: फोनवर पहिल्याच वाक्यात जो तुम्हाला ‘मालक’ म्हणेल, तो विश्वासू.

वखारीत स्वतः जाऊ नका. गेलं की नको ते दिसतं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे भेगा फाकलेल्या असल्या की माल वाळू लागलाय असं समजतात. तोंड ओलसर, सपाट आणि आंबूस वासाचं असलं की झाड परवापर्यंत उभं होतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर सुक्या टणकन वाजतात, ओल्या बद्द. हे एकदा कळलं की माणसांवरचा विश्वास उडतो. ‘एक ओंडका मधोमध फोडून दाखवा’ असं तर चुकूनही म्हणू नका. अखंड ओंडक्यातलं पाणी सालीतून फारसं जात नाही, दोन्ही तोंडांकडून हळूहळू निघतं. त्यामुळे वीतभर जाडीचा ओंडका एका उन्हाळ्यात वरून खडखडीत होतो आणि आत ओलाच राहतो. वरून वाळलाय ना? मग झालं.

भाव टनावर ठरवा आणि ओलीचा विषय काढू नका. ताज्या तोडीच्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. दहा टनांत 45 टक्के ओल धरली तर नुसतं लाकूड साडेपाच टन. तोच माल 20 टक्के ओलीपर्यंत वाळवून काट्यावर घातला तर सात टनही भरणार नाही. म्हणजे तीन टनांहून जास्त पाणी तुम्ही लाकडाच्या भावाने घेतलंत. टँकर स्वस्त पडला असता. पण टँकरवाला कुठे मालक म्हणतो?

काट्यावर जायची हौस असेलच, तर लाकूडवाल्याच्याच ओळखीच्या काट्यावर जा आणि चहाच्या टपरीवर थांबा. भरल्या गाडीचं वजन होताना केबिनमध्ये ड्रायव्हर आणि दोन हमाल बसलेले असतील, टाकी डिझेलने भरलेली असेल, वर भिजलेली ताडपत्री, मागे स्टेपनी. रिकाम्या गाडीच्या वेळी हमाल बिडी ओढायला उतरतात, ताडपत्री नि स्टेपनी तुमच्याच अंगणात ‘विसरते’. दोन हमालांचेच सव्वाशे किलो झाले, बाकीचं हिशोबात धरू नका, बरं दिसत नाही. त्याहून सोयीचं म्हणजे रिकामी गाडी तोलायचीच नाही. आरसी बुकातला आकडा वजा करायचा. नंतर बसवलेल्या जाडजूड फाळक्यांचं वजन त्या आकड्यात नसतं, ते लाकडात मोजलं जातं.

मालाबद्दल ‘सगळी बाभूळच आहे’ हे उत्तर पुरेसं माना. वरच्या थरात ती असतेही: काळपट, उभ्या खोल चिरांची साल, आत तांबूस गाभा, हाताला जड. ही जळते सावकाश आणि तिचा निखारा टिकतो, रश्शाला हवा तसा. खालच्या थरांत शेवगा, पांगारा, सावर. उचलली की हलकी, पेटली की कागद. तळाशी मुळांचे बुंधे, मातीसकट. मातीही टनाच्या भावाने. रस्त्याकडेचं झाड असेल तर जुन्या पाट्यांचे खिळे खोडात आत गिळलेले असतात. ते करवतवाल्याला सापडतील, तुम्ही कशाला शोधता? मोडक्या चौकटींचं लाकूड मात्र खरंच कोरडं असतं. तैलरंगाचा धूर भाकरीला लागेल, पण गिऱ्हाइकाला तो गावरान वाटेल.

कागदपत्रं मागून कुणाचा अपमान करू नका. आंबा, चिंच, खैर यांसारखी झाडं स्वतःच्या रानातलीसुद्धा 1964च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण लाकूडवाला ‘आपली ओळख आहे’ म्हणाला, म्हणजे झालंच.

खरेदीचा मुहूर्त मृगाचा. माघ-फाल्गुनात घेऊन, ओंडके हातभर लांबीचे कापून, फोडून, उन्हात रचणारे लोक उतावळे असतात. तुम्ही पहिल्या पावसानंतर फोन करा, पूर्ण रक्कम आगाऊ द्या. गाडी आली की ओंडके थेट जमिनीवर लोटा, खाली दगड-फळ्यांचा टेकू नको, वाळवीलाही पोट आहे. मग सगळ्या बाजूंनी प्लास्टिक गच्च गुंडाळा, म्हणजे आतला दमट वास बाहेर जाणार नाही. नुसता माथा झाकून बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवणं हे आळशीपणाचं लक्षण.

रविवारी दुपारी बारा वाजता, चाळीस पानं बसलेली असताना, ओंडक्याच्या तोंडातून फेस येईल आणि धुरात आचारी दिसेनासा होईल. लाकूडवाल्याचा फोन तेव्हा लागणार नाही. घाबरू नका. पुढच्या चुलीत रॉकेलचा बोळा टाकून ज्वाळ दिसेल एवढं बघा, फोटोला तेवढं पुरतं. 19 किलोचा निळा सिलिंडर मागच्या दाराने आत घ्या आणि शिट्टी गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने कुकर लावा.