सातारा, ४१ अंश

जानेवारी २०१२. पुतणीचा बायोडेटा मी मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर टाइप करून मुलाकडच्यांना मेल केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अहो, मुलीच्या नावाच्या जागी डॉलर आणि टक्के दिसताहेत." माझ्याकडचा मराठी फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता, एवढीच भानगड. पण लग्नाच्या बोलणीत डॉलर आणि टक्के हे शब्द ऐकून आमच्या दादाच्या पोटात जो गोळा आला तो पीडीएफ गेल्याशिवाय उतरणार नव्हता.

आता माझं वर्ड २००३ सालचं. त्याला पीडीएफ करता येत नाही. म्हणून मी पीडीएफ करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट ते पौष्टिक, या तत्त्वावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या आहेत. ते इन्स्टॉल करताना जे जे विचारलं गेलं त्या सगळ्याला मी 'नेक्स्ट' म्हणालो. बँकेत साहेब जिथे पेन्सिलीची फुली दाखवतो तिथे आपण सही करतोच की. वाचत कोण बसतंय?

पीडीएफ झाली, गेली, दादाचा गोळाही उतरला. मग मी इंटरनेट बघायला फायरफॉक्स हा ब्राउझर उघडला.

वरच्या बाजूला चार पट्ट्या. एकीत शोधायचा चौकोन, दुसरीत नाचणाऱ्या स्मायली, तिसरीत कूपनं (कुठल्या दुकानाची, देव जाणे), चौथीत हवामान. पंधरा इंची मॉनिटर, त्यात चार मजले यांचेच. खाली वेब पान दिसायला जी फट उरली होती तीतून पेपर वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचं भांडण बघणं. होमपेजही भलतंच. 'सातारा पुणे एसटी' शोधलं तर पहिले सहा निकाल वजन कमी करण्याचे.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही काय बघत होता रात्री?"

तेवीस वर्षांच्या संसारात 'पीडीएफ' हे उत्तर इतकं संशयास्पद कधी वाटलं नव्हतं.

मग उपटणं सुरू झालं. 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मध्ये जाऊन एकेकाला काढायला लागलो. जाताना प्रत्येक जण विचारी, का काढताय, काही चुकलं का, परत विचार करा. 'राहू दे'चं बटण पाटाएवढं, 'काढा'चं तिळाएवढं आणि करड्या रंगात. दोघे गेले. स्मायली फायरफॉक्समध्ये चिकटून राहिल्या. तिथे त्यांच्यापुढचं 'अनइन्स्टॉल' बटण फिकट, दाबलंच जाईना. 'डिसेबल' तेवढं चाले. म्हणजे पाहुण्याला गप्प बसवता येईल, पण ओसरीवरून उठवता येणार नाही.

शनिवारी पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातला मिक्सरसुद्धा त्यालाच दाखवतात. त्याने फक्त एवढंच विचारलं, "मामा, इन्स्टॉल करताना कस्टम निवडलं होतंस का एक्सप्रेस?"

"एक्सप्रेस. पुढे 'रेकमेंडेड' लिहिलं होतं."

"कोणी रेकमेंड केलं?"

यावर मी चहा आणायला उठलो. 'कस्टम'मध्ये म्हणे सगळ्या चौकटींत आधीच टिका मारून ठेवलेल्या असतात, त्या आपण काढायच्या. आणि हे सॉफ्टवेअर फुकट का, तर टूलबार, म्हणजे या पट्ट्या, ज्या ज्या घरात शिरतो त्या प्रत्येक घरामागे त्यांना पैसे मिळतात. म्हणजे या व्यवहारात आहेर मी, आणि पाकीट तिसऱ्यालाच.

माझा फायरफॉक्स ३.६ निघाला. त्यात बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर परस्पर ॲड-ऑन, म्हणजे असली जोडकामं, घुसवू शके. नोव्हेंबर २०११मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून फायरफॉक्स आधी मालकाला विचारायला लागला होता. पण अपडेटची खिडकी आली की 'नंतर' म्हणणारा मालक मीच. नको तिथे 'नेक्स्ट', हवं तिथे 'नंतर'. भाच्याने नववी आवृत्ती टाकली. तिने उघडताच यादीच मांडली, हे तुम्ही घातलेलं, हे दुसऱ्याने घातलेलं, ठेवू का? पट्ट्या गेल्या. होमपेज मात्र पुन्हा तेच! शेवटी डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'टार्गेट'च्या चौकटीत, फायरफॉक्सच्या नावाला शेपटासारखा त्या साइटचा पत्ता जोडलेला सापडला. तो खोडल्यावर भाच्याने हात धुतले. खरोखरच धुतले, बेसिनवर जाऊन.

रविवारी सकाळी अण्णा कॉम्प्युटरपाशी उभे.

"इथलं हवामान कुठे गेलं रे?"

"काढलं, अण्णा. व्हायरससारखं होतं ते."

"चांगलं होतं. मी रोज बघायचो. परवा ४१ होतं."

जानेवारीत, साताऱ्यात, ४१? आणि मग गेल्या आठवड्याचा उलगडा झाला. अण्णांनी स्वेटर ट्रंकेत घातला होता, माझ्या मुलाची कानटोपी काढून घेतली होती आणि पहाटे पाचला गार पाण्याने आंघोळ करून दिवसभर शिंकत होते. त्या पट्टीत शहर न्यूयॉर्क होतं आणि आकडा फॅरनहाइट. म्हणजे तिथले पाच अंश सेल्सिअस.

मी हे नीट समजावून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "असू दे. न्यूयॉर्कचं तर न्यूयॉर्कचं. परत लाव."

मी दुपारी झोपलो होतो तेव्हा कसली तरी 'टिक टिक' ऐकू आली. अण्णा खुर्चीत बसून, एका बोटाने, शांतपणे 'नेक्स्ट' दाबत होते.