‘हंपीला चप्पलच बरी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की एक मेसेज हमखास उगवतो. यंदा मला तो तीन जणांनी पाठवला, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणार. ‘हंपीला जाताय? आधी हे वाचा!’ आणि खाली सहा मुद्दे. ते थोडक्यात असे. सगळीकडे दगडी फरशी आहे, साधी चप्पल पुरते. पूर्वज तर अनवाणीच फिरायचे. जागोजागी देवळाबाहेर पायातलं काढावं लागतं, मग बुटांचा खटाटोप कशाला? बुटात पाय उकडतात, फोड येतात. रिक्षा आणि बॅटरीची गाडी दारात सोडते, चालणं असतं कितीसं? आणि बूट हवेतच तर कपाटातले जुने काढा, नवे चावतात.

पंचाईत अशी की यातलं काहीच धडधडीत खोटं नाही. प्रत्येक मुद्दा निम्मा खरा आहे. गेल्या वर्षी मावशीला घेऊन मी तीन दिवस हंपीत होते आणि उरलेला निम्मा भाग आम्ही दोघींनी पायांनी वाचला.

आधी त्या फरशीचं बघू. विठ्ठल मंदिराच्या आवारात मोठ्या फरश्या आहेत, पण त्यांचे सांधे वरखाली झालेत. बाहेर पडलं की वाळू, मुरूम, मधेच उघडा खडक. आणि हेमकूट? ती टेकडी म्हणजे ग्रॅनाइटचा एक अखंड उतार आहे. सूर्यास्त बघायला सगळं गाव तिथे लोटतं, आणि परतताना उजेड गेलेला असतो. दुपारी सर येऊन गेली होती. मावशीच्या पायात घरातली रबरी चप्पल. चार पावलं उतरली आणि थांबली. “अगं, पाय पुढे जातोय आणि चप्पल मागे राहतेय.” मी खाली बसून पाहिलं तर तिची टाच चप्पलेच्या कडेवरून बाहेर आलेली आणि अंगठा पट्ट्याला असा आवळलेला की नख पांढरं पडलेलं. उतारावर मागे पट्टा नसलेली चप्पल अशीच धरून ठेवावी लागते, बोटांच्या जोरावर. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात त्या त्यामुळे, आणि आपण म्हणतो वय झालं. उरलेला उतार ती माझा खांदा धरून, चप्पल हातात घेऊन उतरली.

कोल्हापुरीचं नाव काढणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, मी मिरजेची आहे, कोल्हापुरीवर माझं प्रेम कमी नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हीही मिरवलो. पण तिचा तळ कातड्याचा, वापरून गुळगुळीत झालेला. हजारो पावलांनी घासलेल्या पायरीवर तो टाकून बघा.

पूर्वजांच्या अनवाणी पायांची गोष्ट मात्र खरी निघाली. हंपी विजयनगरची राजधानी होती तेव्हा, कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या सुमारास, डोमिंगो पेस नावाचा पोर्तुगीज इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की बहुतेक लोक अनवाणीच हिंडतात. पण ज्यांच्या पायात काही आहे त्यांचंही वर्णन त्याने केलंय: एक टोकदार बूट, आणि दुसरं नुसता तळ, वरून पट्ट्यांनी पायाला धरलेला, जुन्या रोमन लोकांसारखा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या विजयनगरात सुद्धा पायताण पायाला बांधलेलं होतं. राहिले अनवाणी लोक. त्यांचे तळवे जन्मभराच्या चालीने निबर झालेले. आपले तळवे लिफ्टमधून उतरून गाडीत बसणारे.

देवळात काढघाल करावी लागते हा मुद्दा मला सहांत सगळ्यात वजनदार वाटतो. फक्त ‘जागोजागी’ हा शब्द फुगवलेला आहे. जिथे आजही पूजा चालते तिथे पायातलं बाहेर ठेवायचं: विरूपाक्ष, नदीकाठचं कोदंडराम, माल्यवंत रघुनाथ, नदीपलीकडे आनेगुंदीच्या बाजूला अंजनाद्रीच्या टेकडीवरचं हनुमान मंदिर. भूमिगत शिवमंदिरात बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं, तिथेही अनवाणीच. पण हजारराम, अच्युतराय, कृष्णमंदिर, खुद्द विठ्ठल मंदिर, इथे पूजा नाही. लोक पायताणासकट हिंडतात. राणीचं स्नानगृह, कमल महाल, हत्तीशाळा, महानवमी दिब्बा म्हणजे तो उंच दगडी चौथरा, यांचा तर प्रश्नच नाही. मग दिवसात तीन-चार वेळा काढघाल. त्याला उपाय म्हणजे टाचेमागे पट्टा असलेले, चिकटपट्टीने लागणारे सँडल, किंवा बुटांना लवचिक नाडी. आणि पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. विरूपाक्षाच्या चौकात बारा वाजता दगड असा तापतो की भाविक सावलीच्या पट्ट्यातून उड्या मारत जातात. आम्ही मोजे घालून गेलो, कुणी हटकलं नाही.

फोडांचं खापर बुटांवर फोडणं सोपं आहे. फोड येतो घासण्याने, आणि घामाने ओली झालेली कातडी लवकर घासली जाते. सुती मोजे घाम धरून ठेवतात. खेळाडूंचे सिंथेटिक मोजे घाला आणि दुपारी बदला. चप्पलेचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात काय करतो ते वेगळं सांगायला नको. हो, घोट्यापर्यंतचे जाड ट्रेकिंगचे बूट मात्र मीही नेऊ नका म्हणेन. हंपीला त्यांची गरज नाही, आणि त्या उन्हात ते खरंच भट्टी होतात.

आता बॅटरीची गाडी. ती आहे, मजेशीर आहे, पण नेते कुठून कुठे? वाहनतळापासून विठ्ठल मंदिरापर्यंत, जेमतेम किलोमीटरभर. हंपीचं जागतिक वारसा क्षेत्र ४१ चौरस किलोमीटरहून मोठं आहे. रिक्षावाला तुम्हाला राजवाड्याच्या परिसरापाशी सोडेल, पण आत पुष्करणी, दिब्बा, पाण्याचे दगडी पाट हे सगळं पायीच, तेही डोक्यावर झाड नसताना. मातंग टेकडीवर कुठलीच गाडी जात नाही. अंजनाद्रीला पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आणि हंपीतली सगळ्यात सुंदर वाट गाडीवाल्यांना दिसतच नाही: बाजारापासून नदीच्या काठाने विठ्ठल मंदिरापर्यंतची, सुमारे दोन किलोमीटर. शिळांच्या मधून, कोदंडरामावरून, राजाची तुला करायचे म्हणतात त्या दगडी कमानीपाशी. मावशीला त्याच वाटेने जायचं होतं. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास त्याला परत घेऊन गेले, ही कथा तिने लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. “वारी गाडीतून करतात होय?” गाभारा रिकामा आहे हे तिला माहीत होतं. तरी ती तिथे बराच वेळ हात जोडून उभी राहिली. पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ तिने नंतर पाहिला.

राहिला शेवटचा मुद्दा, जुने बूट. इथे मी स्वतःच तोंडघशी पडले आहे, तेव्हा जरा सविस्तर. माझे बूट सहा वर्षांपूर्वीचे, एका सहलीत वापरून खोक्यात ठेवलेले, वरून अगदी नवे. मातंगवर सूर्योदयाला चढताना ठीक होतं. उतरताना तुटक्या पायऱ्यांवर उजव्या पायाखाली काहीतरी फटफटायला लागलं. बघते तर सोल टाचेपासून सुटून जीभ काढल्यासारखा लोंबतोय. नाडी काढली, सोलभोवती दोन वेढे देऊन बांधली आणि पाय फरपटत अच्युतरायाच्या देवळापर्यंत आले. होस्पेट या जवळच्या शहरातल्या मोच्याने बूट हातात घेतला, तळाच्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि ओल्या बिस्किटासारखा तुकडा त्याच्या हातात आला. दुसरा बूटही तसाच. चिकटवायला काही उरलंच नव्हतं. बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली ओल त्यात शिरून तो वर्षानुवर्षांत आतून भुगा होतो, वापरा अगर न वापरा. खोक्यात कोंडून ठेवले तरी तो टळत नाही. तेव्हा जुने काढा, पण आधी वाकवून, दाबून बघा, आणि आठवडाभर घालून हिंडा.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं आपटतात. निघण्यापूर्वी दोनतीन आठवडे बाजारहाट त्यातच करा, म्हणजे चावायचे ते घरीच चावून घेतील.

मी होस्पेटच्या बाजारात मागे पट्टा असलेले, खरखरीत तळाचे साधे सँडल घेतले. मावशीनेही एक जोड घेतला, लालभडक पट्ट्यांचा, आणि शेवटचा दिवस ती माझ्या पुढे चालत होती. परवा चप्पलेचा तो मेसेज मला तिसऱ्यांदा आला तो तिच्याकडूनच. खाली लिहिलं होतं, ‘उपयुक्त माहिती, जपून ठेव.’