‘पोपटपंची’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तीसपर्यंतचे पाढे प्रत्येकाला आलेच पाहिजेत, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाला तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तर लगेच दिलं नाही, कारण वाचल्या वाचल्या लिहायला बसले असते तर नको ते शब्द गेले असते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की पाढे पाठ करणं ही “निव्वळ पोपटपंची आहे, जगाने ती कधीच सोडली, आणि तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षिका मात्र तिला कवटाळून बसल्यात”. त्यापुढे कॅल्क्युलेटर, गणिताची भीती, ब्राझीलच्या बाजारातली मुलं, मण्यांचा अबॅकस आणि बालभारतीचा २०१९ सालचा वाद असं बरंच काही आहे.

आधी सुराबद्दल बोलू. ‘निवृत्त’ हा शब्द तुम्ही ज्या पद्धतीने वापरलात तो मला लागला, हे लपवत नाही. पाटीपासून स्मार्टबोर्डापर्यंत सगळं वर्गात उभं राहून पाहिलेल्या बाईने मुलं गणित कसं शिकतात यावर बोलायचं नाही, तर मग कोणी बोलायचं? लेखात मी कुणालाही नावं ठेवली नव्हती. पाढे न येणाऱ्यांना ढ म्हटलं नव्हतं, कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांना आळशी म्हटलं नव्हतं. तुम्ही मात्र पहिल्याच ओळीत माझं वय काढलंत. बरं, माझं सोडा. पोपट कुणाला म्हणालात? पाढे म्हणतात मुलं. सात सत्ते एकोणपन्नासवर अडखळणारं, डोळे मिटून पुन्हा सात सक्कंपासून सुरुवात करणारं आठ वर्षांचं पोर तुम्ही एका शब्दात निकालात काढलंत. त्या पोराच्या डोक्यात तेव्हा किती काय चाललेलं असतं, याची तुम्हाला कल्पना तरी आहे का?

आता तुमचं ते वाक्य. “जगाने ती कधीच सोडली.” कुठल्या जगाने?

चीनपासून सुरुवात करते. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाला २००८ साली बांबूच्या जुन्या पट्ट्यांचा मोठा संग्रह मिळाला. त्यातल्या २१ पट्ट्या शेजारी शेजारी लावल्यावर गुणाकाराचं कोष्टक तयार झालं, साधारण इसवी सनपूर्व ३०५ मधलं. वरच्या ओळीत १९ आकडे आणि उजव्या बाजूच्या उभ्या रांगेत तेच १९ आकडे: अर्धा, एक ते नऊ, आणि दहा, वीस असं करत नव्वदपर्यंत. साडेबारा गुणिले साडेसदतीस करायचं असेल तर एका आकड्याचे दहा, दोन आणि अर्धा असे तुकडे करायचे, दुसऱ्याचे तीस, सात आणि अर्धा, आणि कोष्टकातल्या नऊ घरांची बेरीज करायची. साडेनव्याण्णवपर्यंतच्या पूर्ण किंवा साडे असलेल्या कुठल्याही दोन आकड्यांचा गुणाकार त्यात बसतो. त्यातला तो ‘अर्धा’ पाहून मला फार आनंद झाला होता, कारण आपल्या निमकीमागची, म्हणजे अर्ध्याच्या पाढ्यामागची, गरज तीच.

आज चीनमधली मुलं नवापर्यंतचे पाढे म्हणतात, आणि त्यांची प्रचलित रीत लहान आकडा आधी घेण्याची आहे. तीन सत्ते म्हणून झालं की सात त्रिक वेगळं म्हणायचं नाही. त्यामुळे ८१ ओळींच्या ४५ होतात. हे पोपटाचं काम आहे? क्रम बदलला तरी गुणाकार बदलत नाही, हा नियम त्या पाठांतराच्या रचनेतच बसवलेला आहे.

जपानमध्ये दुसरीत पाढे येतात. त्यांना ‘कुकू’ म्हणतात. ‘नि शि गा हाचि’, म्हणजे दोन चोक आठ. ‘नि गो जू’, म्हणजे दोन पंचे दहा. पहिल्यात ‘गा’ आहे, दुसऱ्यात नाही. उत्तर एक अंकी असेल तेव्हा मध्ये ‘गा’ येतो आणि दहा किंवा त्याहून मोठं झालं की तो गळतो. त्यामुळे चाल बिघडत नाही, आणि उत्तर लहान की मोठं हे ऐकतानाच कळतं. तीन त्रिकला तर ते ‘सान सान’ न म्हणता ‘सझान’ म्हणतात. आपणही ‘दोन तीन सहा’ म्हणत नाही, बे त्रिक सहा म्हणतो. दोनाचा बे होतो, तीनाचं त्रिक, चाराचं चोक. जिभेला वळण बसावं म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या शब्द घासूनपुसून घेतले. सोडून द्यायच्या वस्तूवर कुणी एवढी मेहनत घेत नाही.

तुम्ही पुढे म्हणाल, ही पूर्वेकडची माणसं झाली. मग इंग्लंड घ्या. तिथे बारापर्यंतचे पाढे शिकवतात. एका शिलिंगचे १२ पेन्स, एका फुटाचे १२ इंच, म्हणून बारा. १५ फेब्रुवारी १९७१ ला तिथलं चलन दशमान झालं, १२ पेन्सचा शिलिंग व्यवहारातून गेला, तरी बाराचा पाढा राहिलाच. इतकंच काय, २०२२ पासून तिथे चौथीच्या मुलांची खास पाढ्यांची परीक्षा सक्तीची झाली: संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येक उत्तराला ६ सेकंद. ही परीक्षा चांगली आहे असं मी म्हणत नाही, सहा सेकंदांचा तगादा मला अजिबात पटत नाही. पण ज्या जगाने पाढे “कधीच सोडले”, त्या जगातलं एक सरकार परवा परवा त्यांची परीक्षा कशाला सुरू करेल? जर्मनीत दहापर्यंतचे पाढे म्हणजे ‘लहान’ आणि वीसपर्यंतचे म्हणजे ‘मोठे’, अशी नावंसुद्धा आहेत.

आणि मागे जायचं तर बॅबिलोनियाचे लोक साठाच्या पटीत मोजत. साठाच्या पद्धतीत संपूर्ण पाढा म्हणजे ५९ पर्यंत जायला हवं, ते कुणाच्याही आवाक्याबाहेरचं. त्यांनी काय केलं? पाढ्यात १ ते २० घेतले आणि मग थेट ३०, ४०, ५०. सदतीसपट हवी असेल तर तीसपट अधिक सातपट. तिथल्या निप्पूर या प्राचीन शहराच्या उत्खननात विद्यार्थ्यांनी मातीच्या पाट्यांवर गिरवलेले असे पाढे सापडले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी काय पाठ करायचं आणि काय जागच्या जागी जुळवायचं, याचा नेमका विचार केला होता.

जगभर चित्र हेच दिसतं. कोणते पाढे शिकायचे हे नाण्यांनी आणि वजनांनी ठरवलं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर होते तोवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी सुद्धा लागत होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापं आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. त्याचं मला दुःख आहे, पण तक्रार नाही. गरज संपली, पाढा संपला. एक ते नऊची गरज मात्र कुठल्याही देशात संपलेली नाही, कारण कागदावरचा प्रत्येक गुणाकार आणि भागाकार त्यावरच उभा असतो.

आता ब्राझील. हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, असं तुमच्या उद्गारचिन्हांवरून वाटलं. रेसिफे शहरातल्या त्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला, मलाही तो माहीत आहे. बाजारात विकताना मुलांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच गणितं नुसती आकड्यांत घातल्यावर ३६.८ टक्के. तुम्ही निष्कर्ष काढलात, की पाढ्यांशिवाय हिशोब उत्तम येतो. पण त्यातल्या बारा वर्षांच्या मुलाने १० नारळांचा हिशोब कसा केला ते वाचलंत का? एक नारळ ३५ ला. तो म्हणाला, तिनाचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, मग ३१५, मग ३५०. या १०५ वर तो कसा पोचला? मला तर स्वच्छ दिसतं, की रोज तीन-तीन नारळ विकून तिनाची किंमत त्याला तोंडपाठ झाली होती. तो त्याचा स्वतःचा पाढा होता, पस्तीस त्रिक एकशे पाच. तुम्ही जो पुरावा माझ्याविरुद्ध आणलात, तो माझ्या बाजूने बोलतो.

अबॅकसचंही तेच. “अबॅकसवाली मुलं पाढ्यांशिवाय मोठमोठे गुणाकार करतात” हे तुमचं विधान चूक आहे. जपानी अबॅकसवर, म्हणजे सोरोबानवर, गुणाकार करताना प्रत्येक अंकाचा गुणाकार डोक्यातून यावा लागतो. मणी फक्त बेरीज सांभाळतात. कुकू येत नसेल तर सोरोबानवर गुणाकार जमत नाही.

पाठांतर कमीत कमी करायचं ठरवलेल्या लोकांनीसुद्धा ते पूर्ण टाकलेलं नाही. युरोपात बोटांवर गुणण्याची एक जुनी रीत होती. सात अठ्ठे हवेत. एका हाताची दोन बोटं उभी, कारण सात म्हणजे पाचावर दोन. दुसऱ्या हाताची तीन उभी. उभी बोटं एकूण पाच, म्हणून पन्नास. मिटलेली तीन आणि दोन, त्यांचा गुणाकार सहा. छप्पन्न. करून पाहा, सहा ते नऊपर्यंत कुठेही चुकत नाही. फार सुंदर आहे ती, मी वर्गात आवर्जून दाखवत असे आणि मुलं हरखून जात. पण मिटलेल्या बोटांसाठी चार चोक सोळापर्यंत यावंच लागतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण तुम्ही तो मोडीतच काढलात. सातवीत गणितात मागे पडलेली मुलं शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसत. त्यातल्या एका मुलीला ८४/१२६ ला सोपं रूप द्यायचं होतं. अपूर्णांक म्हणजे काय हे तिला उत्तम कळत होतं, चित्र काढून समजावून सांगायची. दोन्ही संख्यांना साताने भाग जातो का, हे पाहायला ती सात, चौदा, एकवीस अशी बोटं मोजत निघाली. चौऱ्याऐंशीला पोचली तेव्हा बारा बोटं झाली की तेरा, यात घोळ झाला. पुन्हा मोजलं. बारा आले. मग १२६ साठी तीच यातायात, आणि अठरापर्यंत पोचेस्तोवर आपण हे कशासाठी करतोय हेच ती विसरली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाई, मला गणित कळतच नाही.” तिला गणित कळत होतं. तिला पाढे येत नव्हते. आधीच्या वर्गात कुणीतरी तिला सांगितलं होतं की पाठ करायची गरज नाही, समजलं की झालं. आम्ही पाढे पक्के केले, आणि वर्ष संपेपर्यंत तीच मुलगी शेजारच्या मुलाला अपूर्णांक शिकवत होती. तुमच्या “समजून घ्या, पाठ करू नका”ची किंमत अशी मुलं मोजतात, आणि ती मोजताना तुम्ही तिथे नसता. मी होते.

एक मुद्दा तुमचा मान्य करते. तीसपर्यंतचे पाढे प्रत्येकाला आलेच पाहिजेत, असं मी लेखात लिहिलं होतं, ते तुम्हाला जास्त वाटलं. सक्तीचं म्हणून दहापर्यंतचे पुरेत, ठीक. तरी बारा, पंधरा, सोळा आणि पंचवीस ज्याला येतात त्याचा हात चालतो, एवढं म्हणून ठेवते.

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. कॅल्क्युलेटर आहेच, तो कुणी नाकारत नाही. पण ४८ गुणिले २५ ला १२,००० असं उत्तर दिसलं तर खटकायला हवं, आणि ते कॅल्क्युलेटर करून देत नाही. गणिताची भीती हा फार मोठा विषय आहे, या उत्तरात मावणार नाही. एवढंच सांगते, की भीती पाढ्यांनी बसत नाही, छडीने आणि टोमण्यांनी बसते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातला वाद संख्या कशा वाचायच्या याचा होता, एकवीस की वीस एक. त्याचा पाढ्यांशी संबंध नाही आणि तो इथे का आणलात हे मला समजलं नाही.

काही वाचकांनी सुचवलं तरी तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तशीच राहील. रेसिफेच्या अभ्यासाबद्दल किंवा इंग्लंडच्या परीक्षेबद्दल तुम्हाला आणखी बोलायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. मात्र ‘तुमच्यासारख्या’ने सुरू होणाऱ्या प्रतिक्रियेला यापुढे उत्तर देणार नाही.