बंदुकीचा मालक शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अमेरिकेत गुन्ह्याच्या जागी एखादे पिस्तूल सापडले आणि ते कोणाचे, हा प्रश्न आपल्याला पडला, तर संगणकाकडे धाव घेण्याचा मोह प्रथम आवरावा. चित्रपटांतले पोलीस अनुक्रमांक टंकताच मालकाचे छायाचित्र पडद्यावर आणतात. प्रत्यक्षात बंदुका, त्यांचे मालक किंवा त्यांचे व्यवहार यांची मध्यवर्ती नोंदवही उभारण्यास १९८६ च्या संघीय कायद्याने मनाई केलेली आहे, आणि कायदा पाळणे हे पोलिसांचे कर्तव्यच असल्यामुळे तेही काही न जाणण्याचा कसोशीने प्रयत्न करीत असतात.

आपण तो अनुक्रमांक वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे, एटीएफ या, बंदुकांच्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या संघीय यंत्रणेच्या माग काढणाऱ्या केंद्राकडे पाठवावा. तेथील कर्मचारी कारखान्याला विचारतील, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगेल, व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार खरेदीच्या वेळी भरून घेतलेला ४४७३ क्रमांकाचा अर्ज शोधून पहिल्या ग्राहकाचे नाव कळवील. दुकान बंद पडलेले असल्यास निराश होऊ नये, कारण बंद दुकानांची दप्तरे याच केंद्रात येऊन पडतात आणि त्यांतील नोंदी ९० कोटींच्या पुढे गेलेल्या आहेत. हे कागद स्कॅन केले जातात, मात्र त्या प्रतिमांत ग्राहकाचे नाव टाकून शोध घेता येऊ नये याची पुरेपूर दक्षता घेतली जाते. कारण नावाने शोधता येणारे दप्तर म्हणजे नोंदवही, आणि नोंदवही म्हणजे कायदेभंग. शोधाची सोय असलेल्या प्रणालीतून नेमकी तीच सोय बंद करून, कर्मचाऱ्यांना पडद्यावर एकेक पान डोळ्यांनी चाळायला लावण्याची ही कल्पकता अन्य कोणत्याही खात्याला सुचली असेल, असे वाटत नाही.

अखेरीस हाती येणारे नाव पहिल्या ग्राहकाचे असते, हे विसरू नये. त्याने ते पिस्तूल पुढे शेजाऱ्याला विकले असेल, तर अशा खासगी विक्रीची नोंद संघीय कायदा मागत नाही, आणि अनेक राज्येही मागत नाहीत. तेव्हा तपासाची फाईल तेथेच सन्मानाने बंद करावी.

आपण पत्रकार असाल, तर एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीचे, म्हणजे दुकानातून बंदूक घेणाऱ्याचा पूर्वेतिहास पडताळण्याचे, आकडे हाताशी ठेवावेत. २०२० मध्ये अशा सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या. एवढ्याच बंदुका विकल्या गेल्या, असे ठणकावून लिहावे. एका तपासणीत दोन-तीन बंदुकाही विकल्या जाऊ शकतात, काही तपासण्या निव्वळ परवान्यांसाठी असतात, आणि केंटकी राज्य तर जुन्याच परवानाधारकांची दरमहा फेरतपासणी करून आकडा फुगवीत आलेले आहे, असल्या बारकाव्यांनी मथळ्याची धार बोथट करू नये. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या ग्राहकाची ओळख पटविणारी माहिती चोवीस तासांत नष्ट करावी लागते, नाकारलेल्याची मात्र जपून ठेवली जाते. ज्यांना बंदूक मिळाली नाही, त्यांच्याविषयी सरकार अशा रीतीने उत्तम जाणून असते.

तपासणी तीन कामकाजी दिवसांत पूर्ण झाली नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना ठार मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते असेच. टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमधील २०१७ च्या हत्याकांडात तर हल्लेखोराला पूर्वी झालेली, बंदूक घेण्यास अपात्र ठरविणारी शिक्षा हवाई दलाला ठाऊक होती, परंतु ती एफबीआयला कळविण्याचे राहून गेले होते. तेव्हा माहितीसाठा अद्ययावत आहे का, असे कोणी विचारलेच, तर तो अस्तित्वात आहे, असे उत्तर द्यावे.

कोणी म्हणेल की, यादी झाली की जप्ती आलीच. हे भय खोटे नाही, आणि त्याची थट्टा करणे सोपे असले तरी त्याला इतिहासाचा आधार आहे. मात्र मशीनगन आणि सायलेन्सर यांची मालकांच्या नावांसकट संघीय नोंदवही १९३४ च्या कायद्यापासून चालू आहे आणि नोंदविलेल्या मशीनगन आजही त्यांच्या मालकांकडेच आहेत, हे उदाहरण चर्चेत काढू नये. वाद सुरळीत चाललेला असताना मध्येच पुरावा आणणे असभ्यपणाचे दिसते.

एवढे करूनही आपल्याला यादी हवीच असेल, तर एखादे सरकार पारदर्शकतेचा उपक्रम हाती घेईपर्यंत थांबावे. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने जून २०२२ मध्ये बंदुकांविषयीच्या आकडेवारीचे नवे दालन संकेतस्थळावर उघडले, तेव्हा शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते त्यातून कोणालाही उतरवून घेता येत होते. चूक ध्यानात येऊन दालन बंद होण्यापूर्वी ज्यांनी ती यादी घेतली, त्यांना अनुक्रमांक, ४४७३ चा अर्ज किंवा मार्टिन्सबर्गचे केंद्र यांपैकी कशाचीही गरज पडली नाही.