गोचिडीवर कपाशीचं औषध मारायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"गोचीड म्हणजे घाण. गोठा झाडा, जळक्या ऑइलात पिकावरचं औषध कालवून जनावराला चोळा, गोचिडी गायब. देशी गाईला तर गोचीड लागतच नाही. उघडीप पडली की उरलेल्या आपोआप मरतात." हा मेसेज आमच्या भावजींपर्यंत पोचला आणि त्यांनी कपाशीचा पंप थेट गोठ्यात आणून ठेवला. म्हणून लिहावं लागतंय.

आधी त्या औषधाचं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही कपाशीवरची औषधं कातडीतून अंगात भिनतात. शिवाय गाय स्वतःला चाटते, वासरू तिला चाटतं. मग लाळेच्या तारा सुटतात, बुबुळं बारीक होतात, अंग थरथरतं, दम लागतो. डॉक्टर वेळेत आले, अ‍ॅट्रोपिन हा विषावरचा उतारा मिळाला तर जनावर वाचण्याची आशा. आणि त्याच गाईची धार काढून दूध डेअरीला घालायचं? जळक्या ऑइलात इंजिनातले धातू उतरलेले असतात. त्यानं कातडी सोलते आणि चाटून तेही पोटात जातं. किती ऑइलात किती औषध, हेसुद्धा मेसेजवाल्यानं लिहिलेलं नाही. मुक्या जनावरावर असले प्रयोग करायला सांगताना काहीच कसं वाटत नाही?

जनावरांसाठी डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही गोचिडीची औषधं वेगळी मिळतात. तीही डॉक्टर सांगतील त्याच मापानं. अंदाजानं पातळ करून मारत राहिल्यामुळेही डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी आपल्या देशात झाल्या आहेत. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला परस्पर टोचू नका, ते दुधात उतरतं.

आता घाणीचं. अमेरिकेत टेक्सास तापानं गुरं मरत होती, तेव्हा थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी शेतं कुंपणानं वेगळी करून प्रयोग केले. अहवाल १८९३ सालचा. दक्षिणेकडची, दिसायला धडधाकट पण गोचीड असलेली गुरं उत्तरेकडच्या गुरांत सोडली, तर उत्तरेकडची आजारी पडली. तीच दक्षिणेची गुरं गोचिडी हातानं वेचून सोडली, तर काही झालं नाही. आणि एका शेतात दक्षिणेचं एकही जनावर न नेता नुसत्या गोचिडी टाकल्या, तरी ताप आलाच. म्हणजे दुखणं आणते गोचीड, आणि ती येते बाजारातून आणलेल्या तब्येतदार गाईवर बसून, किंवा चराईच्या गवतातून. गोठा स्वच्छ हवाच, पण नुसत्या झाडूनं हे थांबत नाही. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या बुडाशी शिरते, २ ते ३ हजार अंडी घालून मरते. तुम्ही गाय चोळत बसता आणि पुढची पिढी भिंतीत वाढत असते.

देशी गाईचं अर्धं खरं, मान्य. खिलार, डांगीला गोचीड कमी लागते आणि होल्स्टिन या विदेशी जातीचं रक्त वाढेल तशी जास्त. पण कमी लागते म्हणजे लागतच नाही असं नव्हे. तिच्या अंगावरची गोचीड शेजारच्या दावणीतल्या संकरित कालवडीवर जाते, आणि थिलेरियानं, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापानं, मरते ती कालवड.

उघडिपीचं तर सोडाच. दमट हवेत गोचीड वाढते हे खरं, पण थिलेरिया पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड कोरड्या दिवसांतही भेगांत दबा धरून राहते.

करायचं ते असं: विकत आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या बेचक्यात हात फिरवून बघा. भिंतीच्या भेगा सिमेंटनं बुजवा. वेचलेली गोचीड उकिरड्यावर टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. हातमोजे घाला, बोटांनी चिरडू नका. २०११ साली गुजरातेत क्रायमियन काँगो तापानं माणसं दगावली, तोही गोचिडीचाच आजार. आणि गाईला सडकून ताप, लाल लघवी किंवा खांद्यापुढे सुजलेली गाठ दिसली, तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.