डोंगरमाथ्यावरचं लोह: एका प्रतिक्रियेला उत्तर

डिचोलीच्या खनिजावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. तिचं सार असं: खनिज भूगर्भातल्या उष्णतेने तयार होतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, मग 'गोव्याचं लोहखनिज समुद्रात जन्मलं आणि पावसाने पिकवलं' हे कुठून काढलं? आणि पृथ्वीच्या पोटात ते अजूनही तयार होतच असणार, तर 'एकदा काढलं की संपलं' असं सांगून खाणीवर पोट असलेल्यांना कशाला घाबरवता? दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

भूगर्भातल्या आगीने खडक आणि धातुकं घडतात, हे खरंच आहे. काणकोणचा ग्रॅनाइट बघा. त्यातले फेल्डस्पार या खनिजाचे ठसठशीत स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण शिलारस खोलवर अगदी सावकाश निवला आणि त्यांना वाढायला अवधी मिळाला. कोलारचं सोनंही तुमच्याच बाजूने साक्ष देईल. खोलातलं तापलेलं पाणी खडकांच्या भेगांतून वर चढताना सोनं आणि सिलिका (वाळूचा मुख्य घटक) घेऊन आलं, आणि दाब-तापमान उतरलं तसं भेगांतच ठेवून गेलं. त्या शिरांचा माग काढत माणसं 3 किलोमीटरहून खोल उतरली.

मग डिचोली-सांगेत लोहखनिजासाठी तसे बोगदे का नाहीत? इथे डोंगराचा माथा उघडायचा आणि पायरी पायरीने खाली जायचं, अशीच खाण चालली. जसजसं खोल जावं तसतसा कस उतरतो आणि शेवटी कठीण, पट्टेदार खडक लागतो. खनिज खालच्या आगीतून वर आलं असतं, तर हे उलट व्हायला हवं होतं.

तो पट्टेदार खडक हेच मूळ. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणून लोह पाण्यात विरघळून राहायचं. त्यातलं पुष्कळसं सागरतळाच्या गरम झऱ्यांतून आलेलं. म्हणजे तुमची आग इथेही आहेच. पुढे ऑक्सिडीकरण होऊन लोह तळाशी बसलं (यात सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा मानला जातो) आणि लोह, सिलिका, पुन्हा लोह असे थर साचले. हा गाळ काही किलोमीटर खोल गाडला गेला, त्याला घड्या पडल्या, साधारण 300 ते 500 अंश सेल्सिअस तापमानात तो भाजला. सोबतच्या चिखलाचा फिलाइट नावाचा पापुद्र्यांचा खडक झाला. खाणीच्या कडेचा गुलाबी फिलाइट हातात घेऊन उन्हात तिरका धरा, रेशमासारखी झाक दिसेल. ते अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे आहेत, त्या उष्णतेत तयार झालेले. पण खडक वितळला मात्र नाही. वितळला असता तर पट्टे उरलेच नसते.

एवढं होऊनही तो पट्टेदार खडक म्हणजे काढण्याजोगं खनिज नव्हतं. त्यात लोह निम्म्याहून कमी, बाकी बहुतेक सिलिका. वरचे खडक झिजून तो उघड्यावर येऊ लागला आणि मग पावसाने काम हाती घेतलं. मुरणाऱ्या पाण्याने सिलिका कणाकणाने विरघळवून नेली, लोह जागीच राहिलं. जिथे पाणी भरपूर मुरलं तिथे दगडाची भुसभुशीत, निळसर काळी भुकटी झाली. डोंगरमाथ्यावरचा जांभा, ज्याचे चिरे आपल्या घरांना लागतात, तोही अशाच मुरत्या पाण्याची करणी.

तुमच्या गावातल्या डंपवरचे (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावरचे) दोन-चार खडे फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर घासून पाहा. लालसर तपकिरी रेघ उमटली तर हेमेटाइट, पिवळट तपकिरी उमटली तर गोएथाइट; दोन्ही लोहाचीच खनिजं. गोएथाइटच्या रचनेतच पाण्याचा अंश असतो, तो धगधगत्या शिलारसातून येत नाही.

आता दुसरा प्रश्न. सिलिका धुऊन निघायला कोट्यवधी वर्षं लागली. आणि प्राणवायू नसलेला तो समुद्र आता कुठे आहे? पहिली पायरीच उरलेली नाही, तर खंदक खालून भरणार कसा? तो भरतो तो पाण्याने. सिलिका गेल्यावर भुकटीत पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी साठतं. खनिजाचा हा थरच आपल्या भागाचा जलधर आहे. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लागतात आणि आसपासच्या विहिरी उतरतात, कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) झरी आटतात.

2012 आणि 2018 साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाले आणि बार्जवाले कसे होरपळले, ते मला माहीत आहे. त्यांच्या भाकरीवर माझा रोख नाही. किती खोल खणायचं हे ठरवताना टनांबरोबर विहिरींची पातळीही कागदावर मांडा, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.